ज्याचा बिल्ला आकड्यावर

खाणीच्या तोंडाशी एक लांबट खोली होती. तिला दिवाघर म्हणत. आत लाकडी फळ्यांवर टोपीला लावायचे विजेचे दिवे ओळीने चार्जिंगला लावलेले असत आणि त्यांच्यामध्ये स्टुलावर बसून दिवेवाला फडक्याने काचा पुशीत असे. त्याच्या पाठीमागे भिंतीवर काळा फळा होता, फळ्यावर लोखंडी आकड्यांच्या, म्हणजे हुकांच्या, रांगा. कामगार खिडकीशी येई, आपला पितळी बिल्ला आत सरकवी आणि दिवा घेई. बिल्ला आकड्यावर जाई. पाळी संपवून वर आला की तो दिवा परत करी आणि आपला बिल्ला खिशात घालून घरी जाई. खाली माणसे आहेत की नाहीत, हे कळायला त्या फळ्याकडे एक नजर पुरे होती.

दिवेवाल्याला खरे नाव होते, पण ते पगाराच्या दिवशीच कोणी उच्चारी. एरवी सगळे त्याला ‘ज्याअर्थी’ म्हणत.

हे नाव त्याने आपल्या हाताने ओढवून घेतले होते. तरुणपणी छताचा दगड पडून त्याचा पाय अधू झाला आणि त्याला खालच्या कामावरून काढून दिवाघरात बसवले. माणूस बसून राहिला की डोके चालू लागते. कामगार संघाच्या वाचनालयात एक म्हातारे मास्तर संध्याकाळी शिकवायला येत. हा हिशेब शिकावा म्हणून गेला आणि चुकून तर्कशास्त्राच्या वर्गात जाऊन बसला. उठून जायची लाज वाटली म्हणून बसूनच राहिला. मास्तरांनी तीन ओळी लिहिल्या. सगळी माणसे मरणार. तू माणूस आहेस. म्हणून तू मरणार.

“मास्तर,” मागून कोणीतरी म्हणाले, “हे कळायला वर्ग कशाला? आम्ही रोज खाली जातो.”

मास्तरही हसले. मग त्यांनी समजावून सांगितले, की पहिल्या दोन ओळींना आधारविधाने म्हणायचे, तिसरीला निष्कर्ष, आणि या तिन्हींच्या जुळणीला संविधान. राज्य चालवायचे संविधान वेगळे, हे विचार चालवायचे. दोन्ही आधारविधानांत सामाईक असा एक शब्द असतो. तो मधल्या माणसासारखा दोघांची गाठ घालून देतो आणि निष्कर्षाच्या वेळी आपण निघून जातो. पहिल्या दोन ओळी कबूल केल्या की तिसरी नाकारायची सोय उरत नाही. मात्र संविधान हे जात्यासारखे असते, असेही ते म्हणाले. ते दळायचे काम चोख करते, पण धान्य निवडून देत नाही. खडे घातले तर खडेच दळून निघतील.

जात्याचे त्याच्या फारसे ध्यानात राहिले नाही. त्याला त्या तीन ओळींत आपला फळा दिसला. इतकी वर्षे आपण हेच करतो आहोत आणि याला शास्त्रात नाव आहे, याचा त्याला फार आनंद झाला. थंडीत मास्तरांचा खोकला बळावला, वर्ग अर्ध्यातच बंद पडला. याचे शिक्षणही तिथेच थांबले, पण जेवढे मिळाले तेवढे त्याने आयुष्यभर वापरले.

नवा कामगार खिडकीशी आला की तो त्याचा बिल्ला आकड्यावर अडकवून विचारी, “ज्याचा बिल्ला आकड्यावर, तो खाली. तुझा बिल्ला आकड्यावर. ज्याअर्थी असं आहे, त्याअर्थी तू कुठे?”

“तुमच्यासमोर, काका.”

“मग लवकर खाली जा. माझं शास्त्र खोटं पाडू नकोस.”

घरी बायकोने हे शास्त्र कधीच मनावर घेतले नव्हते. ती तिखट जिभेची आणि मऊ मनाची होती. जो हात धुऊन येतो त्याला जेवण मिळतं, तुमचे हात काळे आहेत, पुढचं तुम्हीच काढा, असे ती ताट हातात धरून सांगे. तो खूश होऊन हात धुवायला जाई. मूलबाळ नव्हते. त्या जागी तिचा धाकटा भाऊ होता. आई गेली तेव्हा तो रांगत होता. तिने त्याला कडेवर वागवून मोठा केला आणि लग्न होऊन आली तेव्हा बरोबर घेऊन आली. आता तो खाणीच्या वरच्या कामावर, कोळसा निवडायच्या पट्ट्यावर होता आणि कामगारांच्या खोल्यांत राहत होता. हसरा, उडाणटप्पू माणूस. मनात आले की दोन-दोन दिवस कुठे तरी मासे धरायला निघून जाई आणि मग बहिणीचे बोलणे खायला उगवे.

वरच्या कामगारांना बिल्ला नसे. त्यावरून मेहुणा त्याला खिडकीतून चिडवी. “भाऊजी, तुमच्या फळ्यावर मी नाहीच. म्हणजे मी जन्मलोच नाही म्हणायचं.”

“तुझ्या बहिणीला विचार. ती म्हणेल, नसतास तर बरं झालं असतं.”

आग लागली त्या दिवशी सकाळची पाळी खाली होती. खाणीच्या आतला, कोळसा वाहून नेणारा पट्टा एका रुळावर अडकून घासत राहिला आणि पेटला. भोंगा झाला. खालची वीज तोडली गेली. पाळण्यातून, म्हणजे खाणीच्या लिफ्टमधून, माणसे वर येऊ लागली, डोळे लाल, तोंडाला ओले रुमाल. खोकत खोकत ती खिडकीशी आली, दिवे देऊन बिल्ले घेऊन गेली. दिवेवाल्याचा हात एकदाही चुकला नाही. एकेक आकडा मोकळा होत गेला आणि दुपारच्या आत फळा काळाभोर, रिकामा झाला. बाहेर फाटकाशी बायका जमल्या होत्या. आपला माणूस दिसला की एखादी मटकन खाली बसे.

खाणीतली आग पाण्याने विझत नाही. तिची हवा तोडावी लागते. खाली जायच्या दोन्ही वाटा, पाळण्याची आणि जुन्या उताराची, विटांनी आणि वाळूच्या गोण्यांनी बुजवायच्या आणि आगीला गुदमरू द्यायचे. त्याआधी एक प्रश्न विचारावा लागतो. तो विचारायला साहेब स्वतः दिवाघरात आले.

“दिवेवाले, फळा काय म्हणतो?”

तो स्टुलावरून उठून उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याच्या शास्त्राला एवढे मोठे काम कधी पडले नव्हते.

“ज्याचा बिल्ला आकड्यावर, तो खाली, साहेब,” तो म्हणाला. “आकड्यावर एकही बिल्ला नाही. त्याअर्थी खाली कोणी नाही.”

साहेबांना ते पटले. इंजिनियरला पटले. दारात उभ्या असलेल्या बचावपथकाच्या लोकांनाही पटले. त्या बोलण्याला एक ठाम ताल होता, आणि आत माणूस नाही हे ऐकायला सगळेच आतुर होते. साहेबांनी बाहेर जाऊन हात वर केला. भिंतीचे काम सुरू झाले.

बायको फाटकातून आत आली ती नवऱ्याला पाहून जरा सावरली. मग तिने भावाचे विचारले. त्याने सांगितले, की तो वरच्या कामावर, त्याचा बिल्लाच नसतो, मग खाली असायचा प्रश्न कुठे येतो? गर्दीत असेल कुठे तरी. नाहीतर गेला असेल मासे धरायला. तिने मान हलवली आणि ती भावाला शोधायला गेली.

ती परत आली तेव्हा तिची चाल बदललेली होती. ती घाईने सरळ खिडकीशी आली. भावाच्या खोलीला कुलूप नव्हते. गळ आणि दोरी खुंटीला होती. पट्ट्यावरच्या बायका म्हणाल्या, की सकाळी तो कामावर आला होता. न्याहारीनंतर हात झटकून उठला, येतो म्हणाला, तो परत आलाच नाही. वर तो कुठेच सापडला नव्हता.

“तो खाली आहे,” ती म्हणाली.

“अगं, फळा रिकामा आहे. बघ तू.” त्याने बाजूला सरून तिला फळा दाखवला. “ज्याचा बिल्ला आकड्यावर...”

“ऐकलंय मी ते. लग्न झाल्यापासून ऐकतेय.” ती खिडकीच्या पट्टीला धरून उभी होती. आवाज चढलेला नव्हता. “ज्याच्या चपला दारात, तो घरात. कबूल. पण दारात चपला नाहीत म्हणून घर रिकामं? अनवाणी माणसं घरात नसतात का हो?”

दिवेवाल्याच्या हातात एक दिवा होता. तो त्याने फळीवर ठेवायला घेतला. फळी सापडेना, म्हणून खाली जमिनीवर ठेवला.

ज्याचा बिल्ला आकड्यावर, तो खाली. हे खरे होते. त्यातून, ज्याचा बिल्ला नाही तो खाली नाही, हे कधी निघाले? कोणी काढले? त्यानेच. वाक्य उलटे फिरवले आणि तेही तेवढेच खरे असेल असे धरून चालला. रोज तसेच घडत होते, म्हणून ते कधी उघडे पडले नाही. दिव्याशिवाय कोणी खाली जाऊ नये, असा नियम होता. त्याने मनात तो, दिव्याशिवाय कोणी खाली जात नाही, असा लावून ठेवला होता.

लंगडत तो उताराच्या तोंडाशी गेला. भिंत पुरुषभर उंच झाली होती, वरची फट भरायचे काम चालू होते. त्याने साहेबांना बाजूला घेतले आणि सांगितले, की मी मघाशी म्हणालो ते बरोबर नव्हते.

“म्हणजे? बिल्ला राहिलाय का कोणाचा?”

“नाही.”

“मग कोणी खाली आहे असं तुम्हाला कळलंय?”

“माझा मेहुणा सापडत नाही.”

“तो खाली गेला हे कोणी पाहिलं?”

कोणी पाहिले नव्हते. आणि इथे दिवेवाल्याची जी अवस्था झाली ती शत्रूचीही होऊ नये. बिल्ला नाही यावरून माणूस खाली नाही असे निघत नव्हते; पण तो खाली आहे, असे तरी कुठे निघत होते? फळा आता काहीच म्हणत नव्हता. साहेबांपुढे ठेवायला त्याच्याकडे दुसरी ओळ नव्हती. मागे थापीचा आवाज येत होता. साहेबांनी गवंड्याला थांबवले नाही. आत धूर दाबला जात होता आणि भिंत अर्धी ठेवणे सगळ्यांत धोक्याचे होते. तरी त्यांनी चौफेर माणसे पाठवून मेहुण्याचा शोध घ्यायला सांगितले.

दुसरी ओळ घेऊन आला तो पंपवाला. खाणीच्या तळाशी साचणारे पाणी उपसायचा एक पंप होता आणि त्यावर बसणारा हा जुना माणूस. सकाळपासून त्याची दाढ ठणकत होती. तो दवाखान्यातून बसने परत आला तेव्हा गाल सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. फाटकावर धूर पाहून तो सरळ दिवेवाल्याकडे आला.

“तो वर आलाय ना?” बोळा काढून त्याने विचारले. “तुझा मेहुणा?”

मग सगळी हकीकत बाहेर आली. पंपाजवळ विजेचा कायमचा दिवा होता आणि जुन्या उताराने तिथवर कठड्याला धरून पायी जाता येत असे. पंपवाल्याला कधी अडचण आली की तो वरच्या कामावरच्या कोणाला तरी हाक मारी, तो माणूस उताराने खाली येऊन पंपापाशी बसे आणि पंपवाला आपला दिवा देऊन, बिल्ला घेऊन राजरोस घरी जाई. बसणाऱ्याला दिवा लागत नसे. दिवा नाही म्हणून बिल्ला नाही. पंप तर चालू राहिलाच पाहिजे. नियमात हे नव्हते, पण रीत जुनी होती, पट्ट्यावरच्या ज्या दोघा-तिघांना ती माहीत होती ते त्या दिवशी कामावर नव्हते, आणि मेहुण्याला तिथे गार हवेत बसून डुलकी काढायला आवडत असे. ही गोष्ट दिवेवाल्याला मात्र कोणी सांगितली नव्हती. ज्याअर्थीला कळलं तर तो तीन ओळी ऐकवील, एवढ्याच कारणाने.

आता निष्कर्ष पक्का होता. दिवेवाल्याने तो साहेबांना जाऊन सांगितला, तेव्हा उताराच्या भिंतीवर ओला गिलावा चमकत होता.

साहेब वाईट माणूस नव्हते. ते गोणीवर बसले. भिंत फोडली तर हवा आत जाईल, आतल्या वायूचा भडका उडेल, असे इंजिनियर हळू आवाजात सांगत होता. बचावपथकातला एक जण मुखवटा हातात घेऊन पुढे झाला, मी जातो म्हणाला. त्याच्यामागून आणखी एक.

“तो आत जिवंत आहे, असं कशावरून?” साहेबांनी विचारले.

“मेलाय, असं तरी कशावरून?” दिवेवाला म्हणाला.

“कशावरूनही नाही,” साहेब म्हणाले. “म्हणून तर ते मला ठरवायचंय. तुम्ही घरी जा.”

त्यांनी भिंत राहू दिली. पुढे त्यांनाही झोप येत नसे, असे लोक सांगत. पण भिंत राहिली.

ती उघडायला कित्येक आठवडे जावे लागले. मेहुणा पंपापाशी नव्हता. उताराच्या मध्यावर, कठड्याच्या कडेला, वरच्या दिशेने तोंड करून पडलेला होता. भोंगा झाला तेव्हा वीज तोडली गेली आणि पंपाजवळचा दिवाही गेला. बाकी सगळ्यांच्या डोक्याला दिवे होते. हा अंधारात हाताने चाचपत निघाला होता.

चौकशी झाली. पंपवाल्याची नोकरी गेली. तो दिवेवाल्याच्या दारात येऊन उभा राहिला आणि मग गाव सोडून लेकीकडे गेला. दिवेवाल्याने चौकशीत आपली चूक उभ्याने सांगितली. ऐकणाऱ्यांपैकी एकाने त्याला मायेने थांबवले: तुमचा फळा तर बरोबर होता ना? मग झालं. दिवाघराकडे दोष नाही, असा निकाल लागला. डॉक्टरांनी त्याला बाहेर बाकावर गाठून धीर दिला. आगीचा विषारी वायू जिथे पोचतो तिथे माणसाला भान फार वेळ राहत नाही, झोप लागल्यासारखं होतं, भिंतीची पहिली वीट बसायच्या आधीच सगळं आटोपलं असणार.

दिवेवाल्याने ते नीट ऐकून घेतले. मग त्याने विचारले, की वायू उताराच्या मध्यापर्यंत केव्हा पोचला हे कोणी मोजलं होतं का? डॉक्टर म्हणाले, तसं मोजता येत नाही. तो म्हणाला, “मग पहिली ओळ आहे, दुसरी नाही.” डॉक्टरांना ते कळले नाही. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते गेले.

तो पुन्हा दिवाघरात बसू लागला. नव्या माणसांना कोडे घालणे बंद झाले. बिल्ला घेई, दिवा देई. पाळी सुटल्यावर फळा रिकामा झाला, तरी तो लंगडत उताराच्या तोंडाशी जाई आणि आत हाक मारी. आत कोणी आहे का? थोडा वेळ कान देऊन ऐकत राही. पहिल्यांदा पोरे हसली. मग हसायची थांबली. मागून कोणीतरी त्याला ज्याअर्थी म्हणून हाक मारली तर दुसरा त्याला कोपराने ढोसे.

घरात बोलणे उरले नव्हते. भांडण नव्हतेच. बायकोने त्याला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच त्याला सोसत नव्हते. ती ताट वाढी, पाणी ठेवी, मीठ हवं का विचारी. हात काळे आहेत म्हणून अडवत नसे. तो आपणच धुऊन येई आणि ओले हात घेऊन बसे. भावाचा एक सदरा तिने उसवून, धुऊन, घडी घालून ठेवला होता. त्याचे काय करायचे हे तिलाही ठाऊक नव्हते.

असे बरेच महिने गेले. एका सुटीच्या दिवशी दुपारी ती खिडकीशी बसून त्याच्या कोटाचे बटण लावत होती आणि तो समोर भिंतीला टेकून बसला होता. दोरा तोडून ती एकदम म्हणाली, “एक विचारू?”

“विचार.”

“भिंत घालत होते, तेव्हा तो होता का?”

तिने त्याच्याकडे पाहिले नाही. बटण ओढून पाहत राहिली.

आपल्याला जे जे ठाऊक होते ते सगळे त्याने मनाशी मांडून पाहिले. उताराची लांबी, अंधार, अधूनमधून तुटलेला कठडा, डॉक्टरांचे बोलणे, ओला गिलावा. कितीही वेळा मांडले तरी त्यातून काही निघत नव्हते. कधी निघणारही नव्हते. माहीत नाही, एवढेच खरे उत्तर होते, आणि ते तिला त्याच्याइतकेच ठाऊक होते. चपलांची गोष्ट सांगणारी ती. मग ती का विचारत होती?

“नव्हता,” तो म्हणाला. “तो आधीच गेला होता.”

आयुष्यात पहिल्यांदाच त्याने नुसती तिसरी ओळ उच्चारली होती. तिच्यामागे काही नव्हते.

बायकोने मान वर केली. पुष्कळ दिवसांनी तिने त्याच्याकडे सरळ पाहिले.

“तुम्हाला खोटं बोलता येत नाही,” ती म्हणाली.

“नाही.”

तिने कोट मांडीवरून उचलून बाजूला ठेवला. बाहेर कोणी तरी बादली ओढत नेत होते. तो आवाज लांब गेला.

“परत एकदा म्हणा.”

“तो आधीच गेला होता,” तो म्हणाला.

तिने डोळे मिटून घेतले. मग त्याने ते तिसऱ्यांदा म्हटले, तिने न सांगता.